सपाचा खांब आणि आमच्या मुलांच्या कविता



महावीर जन्म कल्याणकाच्या कार्यक्रमानंतर पाच-सहा जणींनी मला एकच गोष्ट विचारली. "काकी, मुलांकडून हजारो वर्षांपूर्वीच्या संस्कृतींवर कविता लिहून घेतल्या, वर त्या स्टेजवर म्हणवून घेतल्या. हे जमवलं कसं?" प्रत्येकीला फोनवर सांगताना काही ना काही राहून जाते, म्हणून आज सगळे एकत्र लिहिते. तुमच्या गावातल्या पाठशाळेत किंवा घरी नातवंडांबरोबर करून बघायचे असेल तर उपयोगी पडेल.

आधी माझ्याबद्दल थोडे. माझे माहेर रोहा, सासर पेण. शिक्षण बी.कॉम. म्हणजे कवितेशी कागदोपत्री माझा काही संबंध नाही, आणि हे मला पहिल्याच आठवड्यात एका पालकांनी हसत हसत ऐकवलेसुद्धा. मी त्यांना रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांची आठवण करून दिली. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्याच माणसाने कालिदासाचे मेघदूत मराठीत उतरवले. हिशेब आणि कविता एका डोक्यात सुखाने नांदू शकतात. आता मी काही चिंतामणराव नाही, पण मोजायची सवय मलाही आहे, आणि पुढे तीच सवय कामाला आली.

दर रविवारी पाठशाळा सुटल्यावर एक तास, अशी आमची सोय झाली. मुले चौदा, पाचवी ते नववीची. सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात हडप्पा संस्कृती आहे, तिथूनच सुरुवात करू म्हटले. "या संस्कृतीवर चार-सहा ओळी लिहा," एवढेच सांगितले. वह्या गोळा केल्या आणि घरी येऊन वाचायला बसले. 'महान' हा शब्द एकवीस वेळा. 'गौरवशाली' नऊ वेळा. 'आमची शान' सहा वेळा. 'वीट' एकदाही नाही. 'गटार' एकदाही नाही, आणि मोहेंजोदडोची झाकलेली गटारे तर मुलांनी परीक्षेसाठी तोंडपाठ केलेली असतात!

यात मुलांना बोल लावण्यासारखे काही नव्हते. बक्षीस समारंभात, भाषणात, व्हॉट्सॲपवर ती हेच शब्द ऐकतात. कविता म्हणजे मोठे शब्द आणि शेवटी यमक, असा त्यांचा समज. पण 'महान' म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येते? काहीच नाही. ज्या वाक्यात हडप्पा काढून रोम घातले तरी काही बिघडत नाही, ते वाक्य हडप्पाबद्दल नसतेच.

दुसऱ्या रविवारी मी वह्या उघडायलाच लावल्या नाहीत. रोह्याच्या आमच्या जुन्या किराणा दुकानातली वजने माझ्याकडे आहेत. दशमान पद्धत आल्यावर ती बाद झाली, पण बाबांनी टाकली नाहीत. ती सतरंजीवर ओळीने मांडली. छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर. मुलांना हे शब्दच माहीत नव्हते. तराजू हातात दिला आणि म्हटले, "कोणती किती पट, ते तुम्हीच शोधा." पंधरा मिनिटांत शोधले. दोन छटाकांचा अदपाव, दोन अदपावांचा पावशेर, दोन पावशेरांचा अच्छेर, दोन अच्छेरांचा शेर. एक, दोन, चार, आठ, सोळा.

मग सांगितले की हडप्पाच्या व्यापाऱ्यांची वजनेही अशीच होती. चर्ट नावाच्या कठीण दगडाचे गुळगुळीत घासलेले ठोकळे. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट अशी दुप्पट होत जाणारी. त्यातले सोळाचे वजन सर्वांत जास्त सापडते, ते सुमारे १३.७ ग्रॅम भरते. गुजरातमधल्या लोथलपासून सिंधच्या मोहेंजोदडोपर्यंत इतक्या दूरच्या गावांत माप तेच. साडेचार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी बसून ठरवले की मुलूख कितीही मोठा असो, वजन एकच राहील. दुकानदारांच्या घरातली आमची मुले, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. एक जण म्हणाला, "म्हणजे काटा मारता येत नसणार."

त्याच दिवशी सातवीतल्या एकाने लिहिले:

एक दोन चार आठ
दगडाची पोरे होती
तोंड त्यांना नाही तरी
खोटे कधी न बोलती

यात 'महान' कुठे आहे? पण 'महान' म्हणून जे सांगायचे होते ते इथे आले आहे. त्या दिवसापासून वर्गाचा पहिला नियम ठरला. संस्कृतीवर लिहायचे नाही, एका वस्तूवर लिहायचे. हातात धरता येईल, निदान बोट दाखवता येईल अशी.

दुसरा नियम मुलांनीच गमतीने ठरवला आणि त्याला नाव दिले 'विशेषणावरचा जीएसटी'. एक विशेषण वापरायचे असेल तर त्यामागे एक खरी माहिती जमा करायची. 'सुंदर' लिहायचे? मग काय सुंदर, किती मोठे, कशाचे, ते आधी भरा. नगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोच्या वर. एका मुलीने आधी 'भव्य रथ' लिहिले होते. कर भरायची वेळ आली तेव्हा तिने फोटो नीट पाहिला आणि 'भव्य' खोडून लिहिले की रथात माणूस उभा आहे, बसायला जागा असून तो बसत नाही, त्याला कुठेतरी पोचायचे आहे. मी वहीवर काहीच दुरुस्ती केली नाही.

तिसरा नियम मोजणीचा. सगळ्यांना यमक हवे असते आणि यमकापायी मुले अर्थाची वाट लावतात. म्हणून आधी अक्षरे मोजायला लावली. ओळीत आठ अक्षरे, जोडाक्षर एकच धरायचे, बोटांवर मोजायचे. आठच घरे आहेत म्हटल्यावर फालतू शब्द आपोआप बाहेर जातात. महिन्याचा खर्च ठरलेला असला की यादीतले काय खोडायचे ते आपल्यालाही बरोबर कळते, तसेच हे. ज्यांना मोजणी जाचते त्यांना मोकळे लिहायची मुभा होती, पण मोठ्याने वाचून श्वास अडला तर ओळ तोडायची.

पाचवीतल्या सर्वांत लहान मुलाने हडप्पाच्या मुलाला पत्र लिहिले. हडप्पाची लिपी आजपर्यंत कोणाला खात्रीने वाचता आलेली नाही, हे त्याला समजल्यावर त्याला फार वाईट वाटले होते. त्याचे पत्र एवढेच: "तुझी चिठ्ठी मिळाली. शिक्का पण मिळाला. बैल छान काढलास. पण काय लिहिलंस ते वाचता येत नाही. परत लिही." मला विचाराल तर चौदा जणांत ही सर्वांत चांगली कविता.

आता कुड्याची गोष्ट.

मुलांना वाटत होते की जुने जे काही असते ते लांब असते. गुजरातेत, पंजाबात, पाकिस्तानात. आपल्या रायगडात काय, शिवाजी महाराजांचे किल्ले, त्याआधी जंगल! म्हणून नाताळच्या सुट्टीत एक गाडी ठरवली. पेणची मुले, रोह्याहून माझ्या माहेरची दोन भाचरे, डब्यात खाखरे, ठेपले आणि उकळून गार केलेले पाणी, आणि सूर्यास्ताआधी घरी परतायचे हे सगळ्यांना बजावलेले. रोह्याहून पुढे मांदाडच्या बाजूला, तळा तालुक्यात कुडा गाव आहे. तिथल्या डोंगरात २६ लेणी आहेत. वर चढून मागे वळले की खाली राजापुरीची खाडी दिसते. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका समुद्रप्रवासाच्या पुस्तकात कल्याणच्या दक्षिणेकडच्या बंदरांची नावे आहेत. त्यातले सेमिल्ला म्हणजे आपले चौल आणि मंदगोर म्हणजे मांदाड असे बरेच अभ्यासक मानतात. नववीतला एक मुलगा खाडीकडे बराच वेळ बघत बसला होता. त्याने नंतर दोनच ओळी दिल्या: "खाडी अजून येते. जहाज येत नाही."

ही लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यांतले लेख ब्राह्मी लिपीत आहेत. बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी ते वाचून १८८१ मध्ये पुस्तकात छापले, म्हणून आज आपल्याला दान कोणी दिले ते कळते. मला वाटले होते राजे-महाराजे असतील. निघाले कोण? माळी. वैद्य. कऱ्हाडचा म्हणून समजला जाणारा लोखंडाचा व्यापारी. म्हणजे आपल्या बाजारपेठेतलीच माणसे. सोमदेव नावाच्या वैद्याने लेणे दिले, तर त्याने आपल्या मुलग्यांबरोबर मुलींचीही नावे कोरून घेतली.

सहाव्या लेण्यातला लेख मी आधीच एका कागदावर मराठीत लिहून नेला होता. तिथेच उभे राहून वाचला. मांदाडच्या महाभोजाच्या पदरी असलेल्या शिवभूती नावाच्या लेखकाचा, म्हणजे कारकुनाचा, धाकटा भाऊ शिवम याने हे लेणे दिले. बरोबर त्याची बायको विजया. कोरीवकाम मुलग्यांचे: सुलसदत्त, शिवपालित, शिवदत्त, सपिल. आणि खांब मुलींचे: सपा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता.

मुली एकदम गप्प झाल्या. मग आठवीतली एक म्हणाली, "भावांची नावं आणि बहिणींची नावं सारखीच आहेत. नुसता काना जास्त." खरेच होते. शिवदत्त आणि शिवदत्ता. एकाच घरातली आठ मुले, चार आणि चार, आणि वडिलांनी कोणालाही वगळले नाही. शिवाय शोभेचे काम मुलग्यांच्या नावावर, आणि छप्पर ज्यावर उभे राहते ते खांब मुलींच्या नावावर.

परतीच्या वाटेवर गाडीतच कविता झाली. चार मुलींनी मिळून केली, प्रत्येकीची एक ओळ:

सपा म्हणे, खांब माझा
शिवदत्ता म्हणे, माझा
छप्पराला विचारा ना
कोणी पेलला हा बोजा

कुड्याला आणखी एक गोष्ट घडली, ती इथे सांगायलाच हवी. आमच्या गाडीचे चालक काका वर आले, त्यांनी चपला बाहेर काढल्या, बुद्धमूर्तीपुढे हात जोडून मिनिटभर उभे राहिले. मुलांनी विचारले तर म्हणाले, "आमच्या बुद्धांचं आहे हे. मी दरवर्षी येतो." मग त्यांनीच मुलांना पाण्याची टाकी दाखवली आणि पाय घसरेल तिथे हात धरून उतरवले.

कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी व्यवस्था बघणाऱ्या मंडळींनी तालीम पाहिली. मुले छान म्हणत होती, सगळे खूश. पण नंतर एक वडीलधारे गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "जन्म कल्याणकाच्या दिवशी दुसऱ्यांच्या लेण्यांवर कविता कशाला?" दुसऱ्या एकांनी तोडगा काढला. "अहो, लेणी ती लेणी. आपलीच होती म्हणून टाका. मुलांनाही अभिमान वाटेल. कोण तपासायला येणार आहे?"

दोघेही भले आहेत, त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण मला रात्री झोप लागेना. नाही म्हटले तर कार्यक्रमातून मुलांच्या कविताच वगळल्या जातील अशी चिन्हे होती. पाच महिन्यांची मुलांची मेहनत. हो म्हटले तर, पाठशाळेत आपण ज्या मुलांना दुसरे अणुव्रत शिकवतो, खोटे बोलू नये, कोणाच्या ठेवीवर आपला हक्क सांगू नये, त्यांनाच माइक देऊन खोटे बोलायला लावायचे. दुसऱ्याची ठेव बळकावणे हे फक्त पैशाचेच असते का? कोणाच्या पूर्वजांनी कोरलेला डोंगर आपल्या नावावर करणे, हेही तेच.

पुढच्या रविवारी मी हा प्रश्न मुलांपुढेच ठेवला, नावे न घेता. सहावीतला मुलगा लगेच म्हणाला, "मग गाडीवाल्या काकांना काय सांगायचं?" त्यावर कोणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे उरलेच नव्हते.

मी मंडळींना तसेच जाऊन सांगितले. लेणी बौद्धांची आहेत, कविता तसे म्हणूनच सुरू होईल. आणि आपल्या परंपरेचेही हवे असेल तर आपल्याकडे खरे आहे ते आहे, उसने आणायची गरज नाही. घाटावर मावळात, पुणे जिल्ह्यात, पाले गावाजवळ एक लहानसे लेणे आहे. त्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे आणि त्याची सुरुवात 'नमो अरहंतानं' अशी आहे. इंद्ररक्षित नावाच्या भदंताने लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, करवले असे त्यात लिहिले आहे. डॉ. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो वाचून प्रसिद्ध केला आणि जैन लेख मानला. 'भदंत' हा शब्द बौद्ध लेण्यांतही येतो, म्हणून मुलांना मी 'अभ्यासक असे मानतात' हेच शब्द म्हणायला लावले, जास्त नाही. एवढ्यानेसुद्धा मंडळी थक्क झाली. जे पद आपण रोज सकाळी उठल्याबरोबर म्हणतो, ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यात दोन हजार वर्षे दगडावर आहे! आणि दान काय, तर राहायला जागा आणि वाटसरूला पाणी.

कोणीतरी श्रीपाल राजाची आठवण काढली. आयंबिलच्या ओळीत आपण दरवर्षी श्रीपाल रास ऐकतो. त्यात राजा जहाजाने फिरत फिरत कोकणात ठाण्याला येतो, आणि ठाण्याचे मुनिसुव्रत स्वामींचे देरासर त्याच आठवणीने ओळखले जाते. तेही कार्यक्रमात घेतले, पण कथा म्हणून. रास ही श्रद्धेने गाण्याची गोष्ट, लेख हा दगडावरचा दस्तऐवज. दोन्हींचा मान आहे, पण खातेवही वेगवेगळी. हे मुलांना चटकन समजले, मोठ्यांना जरा वेळ लागला. शेवटी कविता कार्यक्रमात राहिल्या.

आता म्हणण्याबद्दल. आपली मुले पाठांतरात वाघ असतात. सूत्रेच्या सूत्रे एका श्वासात म्हणतात. इथे तेच आडवे येत होते. कविताही त्याच वेगाने, त्याच चालीत! शब्द सगळे बरोबर, अर्थ एकही पोचत नाही. म्हणून तीन गोष्टी केल्या.

एक, प्रत्येकाने आपली कविता आधी गोष्टीसारखी सांगायची, समोर एकच माणूस आहे असे समजून. बहुतेकांनी आजीला सांगितली. आजीला ऐकू कमी येते, म्हणून शब्द आपोआप सुटे झाले.

दोन, नावापाशी थांबायचे. 'सपा' म्हटल्यावर मनात एक अंक मोजायचा आणि मगच पुढे. दोन हजार वर्षांनी त्या मुलीला कोणी हाक मारत आहे, तिला वळून बघायला वेळ नको का?

तीन, वेशभूषा नाही. चमकीचे मुकुट आणि कापसाच्या दाढ्या मी सरळ नाकारल्या. शाळेचा स्वच्छ गणवेश आणि हातात एकच वस्तू. वजनांच्या कवितेला बाबांचा तराजू, पत्राच्या कवितेला खरेच एक पाकीट, पाल्याच्या कवितेला पाण्याचा तांब्या. खांबांच्या कवितेला काहीच नाही, चार मुली हात वर करून चार कोपऱ्यांत उभ्या राहिल्या आणि बाकीची मुले मधे बसली, छपराखाली बसल्यासारखी. रास तर गाऊनच सांगितली जाते. विनयविजयजींनी ती विक्रम संवत १७३८ मध्ये रांदेरला लिहायला घेतली आणि पुढे यशोविजयजींनी पूर्ण केली, तेव्हापासून ती कानांनीच पुढच्या पिढीकडे आली आहे. म्हणून तो भाग मुलांनी चालीवर घेतला आणि हॉलमधल्या सगळ्या बायका त्यांच्याबरोबर गाऊ लागल्या.

कार्यक्रमाला आम्ही चालक काकांनाही बोलावले होते. ते आले, मागे उभे राहिले, कुड्याची कविता झाली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले.

खरी गोष्ट पुढे आहे. तालमीच्या दिवसांत ती आठवीतली मुलगी, 'नुसता काना जास्त' म्हणणारी, जिन्यावर उभी राहून दात्यांच्या नावांची संगमरवरी पाटी वाचत होती. तिच्या आजोबांनी एका खोलीसाठी देणगी दिली आहे. पाटीवर आजोबा, त्यांचे वडील, दोन मुलगे, तीन नातू. आजीचे नाव आहे, 'मातुश्री' म्हणून. नातींची नाहीत. तिने मला विचारले, "काकी, सपाचं नाव आहे. माझं का नाही?"

मी तिला खोटे काही सांगितले नाही. असा रिवाज पडला आहे, एवढेच म्हटले. मग मी स्वतः पाटी वरपासून खालपर्यंत मोजली. मोजल्याशिवाय मला राहवत नाही. एकशे बारा नावे, त्यात बायका सतरा. सतरापैकी सोळा आई किंवा पत्नी म्हणून, आणि मुलगी म्हणून एक. एकच. ही पाटी पन्नास वर्षांची पण नाही. आणि अठराशे वर्षांपूर्वीचा तो शिवम, एका कारकुनाचा धाकटा भाऊ, त्याला चारही मुलींची नावे सुचली होती.

मी हे भांडण म्हणून मांडले नाही. मोजलेले आकडे एका कागदावर लिहिले, बाजूला कुड्याच्या लेखाचे मराठी उतरवून ठेवले आणि तो कागद मंडळींना दिला. हॉलच्या दुरुस्तीची नवीन पाटी करायची आहे, त्यात घरातल्या सगळ्या मुलांची नावे द्यायची की फक्त मुलग्यांची, हे दात्यांनी ठरवावे, पण दोन्ही रकाने छापलेला फॉर्म सगळ्यांना मिळावा, एवढीच विनंती केली. फॉर्म छापला गेला. काहींनी दुसरा रकाना मोकळा सोडला. एकांनी विचारले, "लग्न झालेल्या मुलीचं नाव कुठल्या आडनावाने लिहायचं?" मी म्हटले, सपाच्या पुढे आडनाव नाही, तरी तिचा खांब ओळखू येतो.

त्या मुलीच्या आजोबांनी फॉर्म दोन आठवडे ठेवून घेतला होता. गेल्या मंगळवारी त्यांचा फोन आला. बाकी काही बोलले नाहीत. नातीचे नाव सांगून म्हणाले, "यातली वेलांटी पहिली की दुसरी? दगडावर एकदा चुकलं की चुकलं."

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांना जुन्या काळावर लिहायला लावायचे असेल तर फार तयारी लागत नाही. घरातली एक जुनी वस्तू काढा. जवळचे एखादे लेणे, किल्ला, मंदिर, विहीर बघून या, आणि तिथे जे लिहिले आहे ते कोणाचे आहे हे आधी खरे खरे विचारून घ्या. आठ अक्षरे मोजा. 'महान' शब्दावर कर लावा. मुलांनी लिहिलेले सुधारू नका, फक्त मोठ्याने वाचून घ्या.

आणि या आठवड्यात दर्शनाला गेलात की पाच मिनिटे जास्त थांबून तिथली दात्यांची पाटी वाचा. मुलींची नावे किती, ते मोजा आणि मला कळवा. आकडे आले की पुढच्या लेखात एकत्र मांडते.

जय जिनेंद्र.